पाण्यातून आलेल्यांचा चहा

मी एक जुनी पत्र्याची किटली आहे. बूड काळंकुट्ट, झाकणाची मूठ कधीच निखळलेली. मित्रांनो, सांगता सांगता मी मध्येच खडखडले तर रागावू नका. मला स्वस्थ बसता येत नाही.

माझा जन्म इंग्लंडमधल्या हल बंदरातला. 'मॉली ग्रेस' या मासेमारी बोटीवर, वॉल्टर पिकरिंग या स्वयंपाक्याच्या हाताखाली मी लागले. दुसरं महायुद्ध सुरू झालं आणि सरकारने बोट मागून घेतली. मग आम्ही मासे सोडून बुडालेल्या जहाजांवरची माणसं काढू लागलो. पाण्यातून आलेल्या प्रत्येकाला दाट, गोड चहा आणि त्यात रमचा घोट द्यायचा, हा वॉल्टरचा नेम होता. खलाशी माझं इतकं कौतुक करत की मी फुगून जायचे.

बेचाळीसच्या मार्चमध्ये आमच्या डोळ्यांदेखत एक लढाऊ जहाज बुडू लागलं. माणसं उड्या टाकून पोहत होती. जहाजावर शत्रूच्या पाणबुड्या फोडायला ठेवलेले पिंपाएवढे बॉम्ब होते. ते जहाजाबरोबर खाली गेले आणि ठरलेल्या खोलीवर फुटले. समुद्र पांढराफटक झाला.

एडगर नावाच्या खलाशाला वर काढलं. अंगावर ओरखडासुद्धा नव्हता.

"घोड्याने पोटात लाथ घातल्यासारखं झालं बघ," तो हसत म्हणाला.

"मग घे की हे औषध! आणखी घे, लाजतोस काय?" म्हणत वॉल्टरने त्याला दोन मग पाजले. संध्याकाळी एडगरचं पोट फळीसारखं ताठ झालं. बंदर दिसायच्या आत तो गेला.

बंदरावरच्या डॉक्टरांनी वॉल्टरला बाजूला घेतलं. "पाण्यातला धक्का कातडीला काही करत नाही, पिकरिंग. आतडी फाडतो. तुझा चहा त्या फाटक्या आतड्यांतून पोटात सगळीकडे पसरला."

"म्हणजे मी मारलं त्याला?"

"तसं नाही. तो कदाचित वाचलाही नसता. पण इथून पुढे अशा माणसाला थेंबही देऊ नकोस."

ते 'कदाचित' माझ्यात अडकून बसलं. उकळी आली की मी पूर्वी गायचे, आता नुसती धुसफुसायचे. बोटीवर कुणी मला उचललं की वाटायचं, आता कुणाचा घात होणार!

ऑगस्टमध्ये पुन्हा तसंच झालं. स्फोट, मग पाण्यातून काढलेला सिरिल थॉर्प. विशी-बाविशीचा, थंडीने काळानिळा, पण धडधाकट.

"पोटात लाथ बसल्यासारखं वाटलं का रे?" वॉल्टरने विचारलं.

"हो. आता बरंय. चहा दे ना, मामा!"

"नाही मिळायचा."

इंजिनवाला जोसाया भडकला. "अरे कसायाच्या! पोरगं कुडकुडतंय आणि तू किटली छातीशी धरून बसलास?"

"बसलोय. काढून घे बघू!"

सिरिल रडकुंडीला आला. "एक घोट, मामा. आईची शप्पथ, एकच."

वॉल्टरने त्याच्यावर आपली तिन्ही कांबळी घातली, त्याला आडवं केलं आणि ओल्या फडक्याने नुसते त्याचे ओठ टिपले. मी गळ्यापर्यंत भरलेली होते. मला त्याच्या मगात ओतलं जावंसंही वाटत होतं आणि बाहेर सांडून मोकळं व्हावंसंही. सहा तास वॉल्टरने शिव्या खाल्ल्या, पण मला सोडलं नाही. बंदरावर सिरिलला थेट शस्त्रक्रियेला नेलं, तेव्हा तो चहा माझ्यात गारढोण झाला होता.

नाताळच्या आधी तो धक्क्यावर आला. बारीक झाला होता, पण आपल्या पायांनी आला. "आता तरी देशील का, म्हाताऱ्या?"

वॉल्टरने आधी त्याचा सदरा वर केला. पोटावरच्या लांबलचक व्रणाशेजारी बोट दाबलं. "दुखतंय?"

"नाही रे बाबा!"

मग वॉल्टरने मला उचललं. त्याने इतक्या घाईने ओतलं की निम्मा चहा सिरिलच्या बुटांवर सांडला, आणि दोघेही हसता हसता रडले.

मित्रांनो, माझं मन आजही थाऱ्यावर नाही. म्हणून एवढंच मागते. कुणी संकटातून सुटून आला, वरून ठणठणीत दिसला, तरी आधी त्याला विचारा, कुठे दुखतंय? आणि तो सांगेल ते नीट ऐकून घेईपर्यंत मला चुलीवरून उचलू नका.