संतरामची चौदा पत्रं

“साहेब विचारतील, पोरगा सात वर्षांत दिसला का? तुमी म्हणायचं, न्हाई. बस्. जास्तीचं बोलायचं न्हाई, आजी.”

“न्हाईच दिसला की,” चंद्रभागाबाई म्हणाली. “दिसला असता तर हितं काहून आले असते?”

वकील खूश झाले. हिंगोलीच्या कोर्टात इतका सरळ साक्षीदार त्यांना क्वचितच मिळत असावा. सून चतुराबाई मात्र पदराचं टोक दातात धरून उभी होती. सासूला एक गोष्ट सांगायची राहिली होती. घरी राहिली, पुसेगावहून येताना एसटीत राहिली, आता कोर्टाच्या व्हरांड्यातही राहिली.

पायरीवर तिची लेक दीपमाला बसली होती. पंधरा वर्षांची पोर, पण दहा पायऱ्या चढली की ओठ निळे पडायचे. हृदयाची झडप चिकटलीय, नांदेडच्या डॉक्टरने सांगितलं होतं. फुगा घालून उघडावी लागेल, हैदराबादला, आणि पावसाळ्याच्या आत. नाही उघडली तर काय, हे त्याने सांगितलं नाही आणि चतुराबाईने विचारलं नाही.

तेवढा पैसा एकाच ठिकाणी होता. संतरामच्या विम्यात.

संतराम, चतुराबाईचा नवरा, मेंढरांशी बोलायचा तेवढंच. कळमनुरीच्या बाजारात एजंट रतनसिंगने त्याला गाठून विमा उतरवला, तेव्हाही तो म्हणे नुसती मान हलवत होता. चौऱ्याण्णवच्या दिवाळीनंतर मेंढरं घेऊन पैनगंगेपल्याड चरायला गेला. एक मेंढी मागे राहिली म्हणून उलटा फिरला. मेंढी तिसऱ्या दिवशी तळावर आली. तो आला नाही.

रतनसिंगने नियम समजावला होता. “वहिनी, मानूस सात वर्सं गायब राहिला तरच कोर्ट त्याला मेला म्हनतं. कोर्टानं म्हनलं की कंपनी पैसे देते. पन तवर हप्ता चुकवू नका बरं.”

म्हणजे सात वर्षं नवऱ्याला कागदावर जिवंत ठेवायचं, कशासाठी, तर आठव्या वर्षी त्याला मारता यावं म्हणून. चतुराबाईला तेव्हा हसू आलं होतं. दुसरं काही सुचलं नसावं.

आणि मग हप्त्याची आठवण देणारं पहिलं पत्र आलं. चंद्रभागाबाईने तोवर अन्न टाकलं होतं. चार दिवस पाण्यावर. भिंतीकडे तोंड करून पडलेल्या म्हातारीशेजारी चतुराबाई बसली, तो छापील इंग्रजी कागद हातात धरला, चौथीपर्यंतचं सगळं शिक्षण गोळा केलं आणि वाचलं, “आईस शिरसाष्टांग नमस्कार. मी इकडे खुशाल आहे. तू जेवत जा.”

म्हातारी उठून बसली. अर्धी भाकर खाल्ली.

त्यानंतर दर सहा महिन्यांनी संतराम खुशाल असायचा आणि त्याला खर्चाला पैसे लागायचे. म्हातारी आपल्या वाटणीचं एक कोकरू काढून द्यायची. कोकरू बाजारात जायचं, हप्ता भरला जायचा. आज कोर्टात कशाला जायचं, तर ‘हरवल्याचा दाखला’ काढायला, एवढंच तिला सांगितलेलं. मेला हा शब्द त्या घरात कुणी उच्चारला नव्हता.

पुकारा झाला. चंद्रभागाबाईने औंढ्याच्या नागनाथाची आन घेतली आणि पिंजऱ्यात ताठ उभी राहिली.

“सात वर्षांत मुलगा दिसला?” न्यायाधीशांनी विचारलं.

“न्हाई.”

“कुणाच्या हाती निरोप?”

“न्हाई.”

“एखादं पत्र?”

“येतं की! बराबर सहा महिन्याला.”

वकील अर्धवट उठले, पुन्हा बसले. म्हातारीने कमरेची चंची सोडली. सुपारीच्या खांडांखालून घड्या घातलेले कागद काढले आणि शिपायाच्या हातात दिले. “मोजून घ्या, चौदा हायेत. नागनाथाची आन घेतली साहेब, लबाड कशाला बोलू?”

साहेबांनी पहिला वाचला, दुसरा वाचला. उरलेले न वाचता एकावर एक ठेवले.

“हे तुम्हाला कोण वाचून दाखवतं?”

“सून. चौथी शिकलीय.”

साहेबांनी चतुराबाईकडे पाहिलं. ती उभी राहिली. सात वर्षं इंग्रजीतून मराठी वाचणारीने पदराचं टोक पुन्हा दातात धरलं.

“आजी,” साहेब हळू म्हणाले, “ही तुमच्या मुलाची पत्रं नाहीत. विमा कंपनीची आहेत. हप्ता भरा म्हणून.”

“सगळी?”

“सगळी.”

“मंग त्याचं कोनतं?”

“त्याचं एकही नाही.”

म्हातारीने कठड्याला धरलं. बाहेर दीपमालेचा खोकला उसळला, थांबला, पुन्हा उसळला. म्हातारी दाराकडे बघत राहिली.

“मंग तसं लिवा,” ती म्हणाली. “पत्र न्हाई. जिता असता तर कुनाकडून तरी लिवून घेतलं असतं त्यानं.”

टाइपरायटर खडखडला.

“काम झालं,” बाहेर आल्यावर वकील चतुराबाईच्या कानाशी म्हणाले. “अशी साक्ष शिकवूनबी होत न्हाई.”

म्हातारीने कारकुनाकडे कागद परत मागितले. “निशाणी लागली आजी, पुराव्याचा नंबर पडला. आता फायलीतच राहतील,” तो म्हणाला. ती रिकामी चंची घेऊन आवारातल्या नळापाशी बसली. चतुराबाई समोर उकिडवी झाली.

“दीपीला फराक घे म्हणून लिवलं व्हतं. ते?”

“म्या.”

“थंडीचं कानाला बांधत जा, माय?”

“म्याच.”

“तरीच. जलमभर तोंडातून शबुद न्हाई निघाला त्याच्या. मला वाटलं, परमुलखात शहाना झाला पोरगा.” तिने रिकामी चंची मांडीवर सपाट केली. “बरं लिवायचीस.”

“आत्या, मला काय बी बोला...”

“हात दे.”

कोर्टाचा निकाल पंधरा दिवसांनी लागणार होता. म्हातारीने तेवढी वाट पाहिली नाही. चतुराबाईने डोळे मिटून हात पुढे केला. नळाखालचा दगड तिला दिसला होता, आणि अशा वेळी बांगड्यांचं काय करतात हे तिला ठाऊक होतं.

मनगटावर पाणी पडलं. म्हातारीने सुनेची बोटं आपल्या मुठीत गोळा केली, अंगठा आत दुमडला आणि एकेक हिरवी बांगडी सरकवत खाली आणली. घाई केली नाही. एकही तडकू दिली नाही. मग दुसरा हात.

“हैदराबादहून आली की दीपीला भरू,” ती म्हणाली.

बांगड्या पदराला पुसून तिने चंचीत घातल्या, पत्रं असायची त्या कप्प्यात. दोरी तीनदा गुंडाळली, चंची कमरेला खोचली आणि पायरीवरच्या नातीला उठवायला गेली.