दुसरी बाजू तशीच

आमच्या खिडकीत दोन खुर्च्या आहेत. डावीकडची माझी होती, उजवीकडची यांची. ही वाटणी मी नऊ-दहा महिन्यांपूर्वी केली आणि का केली हे विचारायची सोय यांना ठेवली नाही. यांनीही विचारलं नाही. छत्तीस वर्षं संसार केलेल्या माणसाला कुठे गप्प बसायचं एवढं तरी कळायलाच हवं.

झालं होतं असं, की एका सकाळी मी चूळ भरायला गेले आणि पाणी तोंडाच्या डाव्या कोपऱ्यातून गळायला लागलं. आरशात पाहिलं तर चेहऱ्याची डावी बाजू खाली उतरलेली. डॉक्टर म्हणाले, चेहऱ्याच्या नसेला सूज आहे, बहुतेकांचं तीन-चार महिन्यांत पूर्ववत होतं. त्या बहुतेकांत मी नव्हते. भुवई थोडी वर आली, ओठाचा कोपरा थोडा सरकला, आणि पुढे सगळं तिथेच अडून बसलं. अजूनही मी हसले की उजवी बाजू हसते आणि डावी रुसलेल्या जावेसारखी ढिम्म बसून राहते. डावा डोळा पुरता मिटत नाही, त्यातून सारखं पाणी येतं.

आता हे दुसऱ्या कुणाच्या वाट्याला आलं असतं तर मी चार समजुतीच्या गोष्टी सांगितल्या असत्या. पण मी एकतीस वर्षं दवाखान्यात केसपेपरच्या खिडकीवर काढलेली बाई. त्या चौकोनी भोकातून लोकांना माझं दुसरं काही दिसायचंच नाही, फक्त चेहरा. कुणी रडत यायचं, कुणी रांगेवरून हमरीतुमरीवर यायचं, मी नुसती हसले की निम्मे जागच्या जागी गार व्हायचे. तेच गेलं म्हटल्यावर मी बाहेर पडणंच बंद केलं. भाजी फोनवरून येऊ लागली. फोटो बंद. शेजारणीशी बोलायचं तर दार अर्धवट उघडून, उजवा गाल पुढे करून. आणि दिवसातून वीसदा आरसा, आज जरा वर आलंय का, म्हणून.

यांची तऱ्हा वेगळी. हे पंपांच्या कारखान्यात ड्राफ्ट्समन होते. यंत्राचे सुटे भाग कागदावर मापानिशी काढायचे, जन्मभर तेच काम. ऑफिसात यांना सगळे फुटपट्टी म्हणत, आणि उगीच म्हणत नसत. घरात एक खिळा ठोकायचा तर आधी भिंतीवर पेन्सिलीने मध्यरेषा आखतील. लग्न ठरल्यावर मला पत्रं यायची, त्यांच्या कोपऱ्यात झाडं, मांजरं, सायकलवरचा पोस्टमन असं काहीबाही काढलेलं असायचं. नोकरी पक्की झाली आणि ती मांजरं गेली. दिवसभर रेघा ओढल्यावर घरी येऊन पुन्हा कोण ओढणार, म्हणायचे. मीही फार मनावर घेतलं नाही. तेव्हा मूल लहान होतं आणि मला मांजरांपेक्षा दूध तापवणारा माणूस जास्त हवा होता.

तर मी घरात कोंडून घेतल्यावर डॉक्टरांनी यांना बाजूला घेऊन सांगितलं, हिला बाहेर काढा. यांनी एकदा म्हणून पाहिलं, मी खेकसले. मग यांनी माळ्यावरून मुलाची जुनी दुर्बीण काढली, पुसली आणि माझ्या मांडीवर आणून ठेवली. बाहेर जायचं नसेल तर नको, निदान बाहेर बघ, एवढंच म्हणाले.

समोरच्या इमारतीच्या भिंतीत एक भोक आहे. कधीकाळी तिथून कसला तरी पाइप जात असेल. त्यात साळुंक्यांच्या एका जोडीने घर केलं होतं. आधी मी कंटाळून बघायचे, मग सवयीने, आणि पंधरा दिवसांत अशी वेळ आली की त्या काडी घेऊन आल्या नाहीत तर मला चहा गोड लागेना. त्यातल्या एकीला मी हेडबाई नाव ठेवलं. ती बाई की बुवा हे कळायला मार्ग नाही, दोघं सारखीच दिसतात, पण चालणं असं, की वर्गाची तपासणी चालू आहे. भोकाच्या तोंडाशी आमच्याकडे पाठ करून बसायची आणि आत बघून काहीतरी दटावायची.

तिच्या डोक्याची डावी बाजू टकली होती. चोचीच्या मुळापासून कानापर्यंत एक पीस नाही, नुसती पिवळी कातडी. तिला त्याचं काही नव्हतं. आरसा नसतो बिचाऱ्यांकडे.

मी हे यांना सांगितलं तर म्हणाले, कुठे, डोकं चांगलं काळंभोर आहे. मी म्हटलं, टकली आहे. यांनी विजेच्या बिलाची पाठ पुढे ओढली, खिशातली पेन्सिल काढली आणि म्हणाले, दाखव, कुठून कुठपर्यंत. असा तो वाद सुरू झाला आणि वादापायी पस्तीसएक वर्षांनी या माणसाने पक्षी काढला. काढला म्हणजे कसा, तर अर्धा. मधोमध तुटक मध्यरेषा, उजवीकडे चोच, डोळा, पंख, सगळं सुरेख, डावीकडे कोरा कागद. आणि खाली बारीक सुबक अक्षरांत, ‘दुसरी बाजू तशीच.’

मी हसले. आधी हसले आणि मग लक्षात आलं की हात गालावर न ठेवता हसले.

याचं कारण झाकणं. यांच्या नोकरीतली ही एकच चूक, आणि ती हे स्वतःच चवीने सांगतात. वस्तू दोन्ही बाजूंनी सारखी असेल तर ड्रॉइंग अर्धंच काढायचं, मध्यरेषा मारायची आणि ‘दुसरी बाजू तशीच’ असं लिहायचं, ही त्यांच्या धंद्यातली रीत. पंपाच्या एका झाकणाचं यांनी असंच अर्धं ड्रॉइंग दिलं. झाकणाच्या डाव्या बाजूला तेलाचं भोक थोडं सरकलेलं होतं, ते यांनी पाहिलंच नाही. चाळीस झाकणं ओतली गेली आणि चाळीसच्या चाळीस भंगारात गेली. ही गोष्ट मी शंभरदा ऐकली आहे. म्हणून म्हटलं, चाळीस झाकणं झाली, आता ही एकेचाळिसावी.

यांनी कागद बघितला, दुर्बीण उचलली, मान वाकडी केली, उभे राहून पाहिलं. यांच्या खुर्चीतून हेडबाईची उजवी बाजूच दिसायची. डावी दिसायची ती माझ्या खुर्चीतून. मी तोंडी सांगते म्हटलं, तर हे म्हणाले, ऐकीव मापावर ड्रॉइंग काढत नाही. मला खुर्ची बदलून दे.

मला पेच पडला. खुर्ची बदलायची म्हणजे हे माझ्या डाव्या हाताला येणार. मी म्हटलं, मला इथे वारा लागतो, ते बरं वाटतं. हे म्हणाले, तासभर. मग मी उठले. तोंडाने पुटपुटत उठले, पण उठले.

पहिले दोन दिवस मी गालाला हात लावून बसले. पण दुर्बिणीला दोन हात लागतात. एका हाताने धरली की हेडबाई नुसती थरथरते. तिसऱ्या दिवशी तिच्या चोचीत कसली तरी हिरवी अळी होती आणि आतून पिल्लांचा पहिला आवाज आला. मी दोन्ही हातांनी दुर्बीण घट्ट धरली आणि डावीकडे कोण बसलंय हे विसरले. त्या दिवशी जेवायला बसल्यावर आठवलं की सकाळपासून आरशात पाहिलेलंच नाही. गेल्या आठ महिन्यांत मला इतकं हलकं वाटलं नव्हतं.

तास संपला, आठवडा संपला, खुर्च्या तशाच राहिल्या. यांनी कुठून तरी रंगांची पेटी शोधून काढली. वड्या वाळून तडकलेल्या, पाण्यात भिजवून भिजवून पिवळा रंग एकदाचा जिवंत केला. मी बघायचे आणि सांगायचे, हे काढायचे. पायाची नखं आखूड झाली, शेपटीत पांढरं राहिलं, अशा खोटी मी काढायचे तशा यांच्या कुठल्या साहेबानेही काढल्या नसतील. हे निमूट खोडायचे. वही मात्र माझ्या हाती देत नसत. पुरी झाल्यावर बघ म्हणायचे.

असं सगळं छान चाललेलं असताना आमची नात आली. चिंगी म्हणतो तिला, दुसरीत आहे. शुक्रवारी त्यांच्या शाळेत आजी-आजोबांना बोलावलं होतं. प्रत्येकाने आपल्या माणसांना वर्गासमोर उभं करून त्यांची ओळख करून द्यायची. ज्यांना जमणार नाही त्यांचं चित्र आणलं तरी चालेल, असं बाईंनी सांगितलं होतं. चिंगीने ओळख पाठ करून ठेवली होती. माझी आजी साळुंक्या बघते आणि तिला सगळं कळतं, असं त्यातलं पहिलं वाक्य.

मी म्हटलं, माझा गुडघा दुखतोय गं. तिने माझ्या गुडघ्याकडे पाहिलं, त्यावर हळूच हात फिरवला आणि विश्वास ठेवला. मग आजोबांकडे वळून म्हणाली, तुम्ही तर याल ना, आणि आजीचं मोठं चित्र आणा, शेवटच्या बाकावरून दिसेल असं.

सात वर्षांच्या पोरीशी मी खोटं बोलले. माझा मलाच संताप आला. पण तीस मुलं, त्यांचे आजी-आजोबा आणि समोर मी, एका बाजूने हसणारी. मुलं तोंडावर हसतात, आणि ती हसली की चिंगीचं तोंड कसं होईल ते मला आत्ताच दिसत होतं. माझ्यामुळे तिची मान खाली जायला नको होती.

गुरुवारी सकाळी मी यांना बजावलं.

“चित्र काढा. उजवी बाजू काढा, मधे रेघ मारा, आणि लिहा खाली तुमचं ते, दुसरी बाजू तशीच.”

हे पेन्सिलीला टोक करत होते. ते पुरं केलं आणि म्हणाले, “नाही जमणार.”

“हेडबाईचं जमलं होतं.”

“ते चुकलं होतं. तूच दाखवलंस.” मग पेन्सिल खाली ठेवून म्हणाले, “अगं, चाळीस झाकणं माझ्या हातून गेली ती मी दुसरी बाजू न बघता लिहिलं म्हणून. आता बघितल्यावर कसं लिहू?”

मला राग आला. म्हटलं, बघितलीत म्हणजे काय मोठे उपकार केलेत. हे उठले, कपाटातून वही काढली आणि दुर्बीण ठेवली होती तशीच माझ्या मांडीवर ठेवली.

पहिली दहा-बारा पानं साळुंक्यांची. पाय, चोच, टकली बाजू पिवळ्या रंगात. पुढचं पान उलटलं तर मी. दुर्बीण डोळ्यांना लावलेली, कोपर खिडकीच्या कठड्यावर, डावीकडून. त्याच्या पुढे पुन्हा मी. मग नुसता डावा डोळा, मग ओठाचा कोपरा. हसताना, खेकसताना, चहा पिताना कोपऱ्याशी रुमाल धरलेला. सगळी डावी बाजू. आठ महिने जी बाजू मी या माणसापासून लपवली, ती त्याने दीड महिना रोज तासन् तास बघितली होती, आणि त्या खुर्चीवरून एकदाही उठला नव्हता.

शेवटच्या मोठ्या कागदावर पूर्ण चेहरा होता, समोरून. रंगवलेला. खाली यांच्या सवयीप्रमाणे टिपा. ‘डावी पापणी, दोन मिलिमीटर उघडी. ओठाचा डावा कोपरा, चार मिलिमीटर खाली. दुरुस्ती नको.’

ती टीप मी तीनदा वाचली आणि रडले. डावा डोळा तसाही गळतोच, पण उजव्याला काही सबब नव्हती. यांनी रुमाल दिला तोही पेन्सिल पुसायचा, काळा.

कागदाच्या कोपऱ्यात चौकट आखलेली होती, कारखान्यात असायची तशीच. काढणार, तिथे यांची सही. तपासणार, तिथे कोरं.

“हे का कोरं?”

“तुझ्या सहीशिवाय बाहेर जाणार नाही ते. तू नको म्हणालीस तर इथेच राहील.”

मी चष्मा लावला आणि तपासलं. सोडते की काय. म्हटलं, डाव्या कानाखालचा तीळ राहिलाय. हे वाकले, माझ्या डाव्या गालाच्या इतके जवळ आले की यांचा श्वास लागला. मी गाल फिरवला नाही. तीळ सापडला, कागदावर आला. मग मी पेन मागितलं आणि चौकटीत सही केली, केसपेपरवर करायचे तशी, पूर्ण.

“तुमच्या कारखान्यात नुसतं ड्रॉइंग बघून पास करायचे का हो?”

“छे. शेजारी नग ठेवायचा. दोन्ही जुळवून बघायचे.”

“मग उद्या शाळेत किती वाजता पोचायचंय ते सांगा,” मी म्हटलं. “आणि चिंगीला माझ्या गुडघ्याचं काय सांगायचं, ते तुम्ही ठरवा.”