निळ्या ॲप्रनची गाठ

गुडघ्याचं ऑपरेशन करून तीन आठवड्यांनी मी घरी आले, तर अंगण सुनं. धाकटा भाऊ म्हणाला, "ताई, तुझा हंस उडून गेला गं. बघता बघता गेला."

आमचा मास्तर म्हणे उडून गेला. दोन पायऱ्या चढला तरी धापा टाकायचा तो. पाळलेला हंस अंगानं इतका जड असतो की त्याला साधं कुंपण ओलांडता येत नाही. धाकट्याला हे ठाऊक नव्हतं. मी मात्र गप्प बसले. वाटलं, कुत्र्यानं धरला असेल आणि आजारी बहिणीला कसं सांगायचं म्हणून बिचारा थाप मारतोय. आई गेल्यावर याला मीच वाढवलं, त्यामुळे मला याच्या थापांतही माया दिसते. इतकी मी मूर्ख.

मी शिवणकाम करते. मास्तर माझ्या मशीनच्या दिव्याखाली अंड्यातून बाहेर आला आणि पहिले काही दिवस माझ्या निळ्या ॲप्रनच्या खिशात झोपला. मोठा झाल्यावर वर्गात फेऱ्या मारल्यासारखा अंगणात चालायचा, म्हणून मास्तर. पण ॲप्रन दिसला की सगळा रुबाब सोडून माझ्या मागे मागे.

घरी आले तेव्हा तो ॲप्रन खुंटीवरच होता. मागच्या नाड्यांना एवढी घट्ट गाठ होती की मला ती सुईनं सोडवावी लागली. भावजयीनं वाळत घालताना मारली असेल, म्हटलं.

दोन महिन्यांनी पँट आखूड करून घ्यायला आलेली नर्स सहज म्हणाली, "प्राण्यांच्या आश्रमात एक हंस आणलाय. चोचीवर शाई सांडल्यासारखा डाग आहे बघा." म्हणजे आमचा मास्तरच. दुसऱ्याच दिवशी मी ॲप्रन चढवला आणि काठी टेकत आश्रम गाठला.

तो तळ्याकाठी उभा होता. मी हाक मारली. त्यानं मान वर केली, मग ती जमिनीला लावली आणि पंख पसरून फिसकारत माझ्या अंगावर आला. दाणापाणी बघणाऱ्या बाईनं मला दंडाला धरून फाटकाबाहेर ओढलं.

"इथे निळा कपडा घालून यायचं नाही. पाटी लावलीय, वाचली नाहीत?"

"का पण?"

"याला धरणावर सोडून दिलं होतं. तिथल्या पहारेकऱ्यानं बघितलं. निळा ॲप्रन घातलेला एक माणूस पुढे, हा मागे. पाण्यापर्यंत नेला आणि तो गाडीत बसून गेला निघून. हा गाडीमागे धावला. मग नऊ दिवस त्याच जागेवर उभा, कुणी टाकलेला दाणाही खाईना."

मला ती गाठ आठवली. धाकटा गोदामात पार्सलं बांधतो. केसानं गळा कापला माझा, आणि तोही माझाच ॲप्रन घालून.

मी ॲप्रन पिशवीत कोंबला, आत गेले, पुन्हा हाक मारली. मास्तरनं एका डोळ्यानं बराच वेळ बघितलं. मग पाठ फिरवली आणि एका लंगड्या हंसिणीशेजारी जाऊन बसला.

"ती आता त्याच्याशिवाय खात नाही," बाई म्हणाली. "पण तुमचा आहे, न्यायचा तर न्या."

नेऊ कुठे? त्याच घरात? मी एकटीच परत फिरले.

धाकटा टीव्ही बघत होता. मी ॲप्रन घातला आणि त्याच्याकडे पाठ करून उभी राहिले. "जरा गाठ मार रे. माझा हात पोचत नाही."

त्यानं मारली. दोन वेढे, एक हिसका, टोक खालून आत. मी बोटांनी चाचपून बघितली.

"मास्तर भेटला," मी म्हणाले.

त्याचे हात तिथेच थांबले. म्हणाला, "ताई, त्याच्या ओरडण्यावरून शेजारी रोज भांडायला यायचे. तुझ्याच्यानंही आता त्याचं होणार नव्हतं. पाणी होतं गं तिथे." मग हळूच, "बरा आहे ना तो?"

"बरा आहे. घर मिळालं, सोबत मिळाली. फक्त त्याला वाटतं, मीच त्याला सोडलं. हे त्याला कोण समजावणार? तू?"

धाकटा गाठ सोडायला लागला, पण ती त्याला सुटेना. मी त्याचा हात बाजूला केला, मशीनवरची कात्री घेतली आणि नाड्या कापून टाकल्या.