सांध्याचं तेल

"पिशवीत हात मी घालणार," आई म्हणाली.

स्पर्धा चालवणाऱ्या क्लाइव्ह मॉट्रमनं पिशवी मागे घेतली. आमच्या मासेमारीच्या क्लबात स्पर्धेच्या सकाळी नदीकाठची जागा चिठ्ठी काढून ठरते. पिशवीत हात घालायचा, नंबर निघेल तिथं बसायचं, तक्रार करायची नाही.

"एव्हिस, तुझी जागा ठेवलीय की. गाडीतळाला लागून. तिथं कठडा आहे, धरायला."

"कठडा धरून तुझी आजी मासे धरायची का रे?"

मागे उभी असलेली माणसं हसली. क्लाइव्ह हसला नाही. तो वाईट माणूस नव्हे, पण त्याला भीती वाटत होती. गेल्या शरदात आईच्या उजव्या अंगावरून वारं गेलं. पाय सावरला, हात नाही. आयुष्यभर मोज्यांच्या कारखान्यात टाके उचललेली तिची बोटं आता नुसती लोंबत असतात.

"मग नीट ऐक," क्लाइव्ह म्हणाला. "उद्यापासून माशांच्या विणीसाठी नदी बंद, थेट जूनपर्यंत. आज कुणाचा हात लागू न देता एक मासा काढून दाखव, मग पुढच्या मोसमात कुठंही बस. नाही जमलं तर कठड्यापाशी. कमिटीला मी हेच सांगणार."

"कबूल," आई म्हणाली आणि डावा हात पिशवीत घातला.

जागा निघाली ती पार वळणापलीकडची. माझ्या तान्ह्या टिलीला पोटाशी बांधून मी आईच्या मागोमाग निघाले. गळाच्या काठीची पिशवी तिच्याच खांद्यावर होती.

त्या काठीवरून घरात हिवाळाभर वाद झाला होता. माझा भाऊ क्रेग तिला दुकानात घेऊन गेला आणि आखूड, पिसासारखी हलकी काठी तिच्या हातात दिली.

"बघ आई, वजनच नाही."

"रीळ लाव," आई म्हणाली. "रीळ न लावता काठी जोखायची म्हणजे पोर न पाहता झबलं शिवायचं."

दोऱ्याचं रीळ लावल्यावर तिनं ती डाव्या हातात धरली आणि लगेच परत केली. मूठ आखूड होती, सगळा भार मनगटावर येत होता. दुकानदारानं मग काठावर टेकवून ठेवायची जाड काठी काढली. तिच्यात टोक हललं की ओढायचं, हातात धरायची गरजच नाही.

"मग मी तिथं काय करू? विणकाम?"

तिला फ्लोटच हवा होता. दोऱ्यावरची ती तांबड्या टोकाची काडी प्रवाहाबरोबर सोडायची, आपण तिला जरा अडवायचं, जरा जाऊ द्यायचं. दोरा पाण्यावर पडला तर काडी ओढली जाते, म्हणून काठी लांबच लागते. घरी येऊन आईनं आपलीच जुनी काठी काढली. तिची मूठ कोपराच्याही मागे जाते. मूठ कोपरापर्यंत हाताला टेकवली की भार हात पेलतो, मनगट नाही. हिवाळाभर ती परसात काठी धरून उभी राहायची. शेजारीण विचारायची, "काय गं, आज गवतात काय लागलं?" आई म्हणायची, "तू."

जागेवर पोचल्यावर तिनं बूड टेकलं, काठीचे तुकडे एकात एक बसवून ती जोडली, एका हातानं आणि दातांनी गळ बांधला. मी तोंड फिरवून टिलीचा मोजा सारखा करत राहिले. शिट्टी झाली. पहिली फेक चांगली पडली. दुसऱ्या फेकीला काठीचा शेंडा सांध्यातून निसटला, बाणासारखा गेला आणि दोऱ्यावरून घसरत पाण्यात पडला.

मी धावले.

"हात लावू नकोस!" आई ओरडली. टिली दचकून रडायला लागली.

मूठ मांडीखाली दाबून आईनं डाव्या हातानं दोरा ओढायला सुरुवात केली. एक वीत ओढायची, दातात धरायची, पुन्हा ओढायची. शेंडा काठाला आला. तिनं सांध्यावरून बोट फिरवलं, नाकाशी नेलं.

"तेल. याला तेल कुणी लावलं?"

मला माहीत होतं. "क्रेगनं. काल रात्री. सांधा कुरकुरतो म्हणाला... शिवणयंत्राचं घातलं, चार थेंब."

"गाढव माझं!" ती म्हणाली, पण आवाज मऊ होता. "सांध्याला मेण लावतात रे बाळा. तेलानं धरलेलं सुटतं."

मेणबत्ती घरी होती. पलीकडच्या जागेवरून म्हातारा रेज स्टोबार्ट मान लांब करून बघत होता.

"जोडी, माझा डबा दे," आई मला म्हणाली.

"आता जेवणार तू?"

"दे म्हणते ना!"

"चालतं का?" मी रेजला विचारलं.

"काठीला हात नको, पोरी. जेवायला बंदी नाही," तो म्हणाला.

आईनं पावाचा मऊ गर चुरून सांध्यावर चोळला. तेल पिऊन पाव पिवळा पडला. तिनं तो टाकला, दुसरा घेतला. पावाची कड वळून सांध्याच्या नळीत घातली, फिरवली, काढली. मग चीजचा तुकडा गुडघ्यांत धरला. त्याच्यावर ते तांबडं मेणाचं साल असतं ना, ते तिनं नखानं सोलून सांध्यावर घासलं, बोटाच्या उबेनं पसरलं. शेंडा बसवला, पीळ दिला, ओढून पाहिला. सुटला नाही.

"आणि जेवशील काय?" रेज ओरडला.

"तुझं डोकं!"

त्यानंतर बराच वेळ काहीच झालं नाही. आई आमिषाच्या अळ्या पाण्यात टाकत होती, काडी सोडत होती, परत आणत होती. टिली झोपली. आईचा खांदा थरथरायला लागला. तिनं काठी खाली ठेवली नाही.

काडी बुडाली ती बुडालीच.

काठी वाकली, सांधा धरून राहिला. आईनं मूठ कमरेला रोवली आणि उजवा हात उचलून रिळावर टाकला. बोटं धरत नव्हती म्हणून ती मनगटाच्या हाडानं रिळाचा दांडा ढकलत होती. अर्धा वळसा, थांब. अर्धा वळसा, थांब. मासा दोनदा काठच्या झाडाच्या मुळांकडे वळला. माझे हात आपोआप पुढे गेले, मी ते टिलीच्या पाठीवर दाबून धरले. मासा उचलायच्या जाळीचा दांडा आईनं गुडघ्यांत घट्ट पकडला होता, कडं पाण्यात होतं. तिनं काठी मागे झुकवली, मासा कड्यावरून आत घसरला.

"आहे!" रेज ओरडला. "एव्हिसचा आहे!"

मासा साधा, तळहातात मावणारा, लाल परांचा. वजन करायला क्लाइव्ह काटा घेऊन आला. काटा जेमतेम हलला.

"कुणी हात लावला?" त्यानं रेजला विचारलं.

"पाव आणि चीजनं," रेज म्हणाला.

क्लाइव्हनं वजन लिहिलं. सगळ्यांत शेवटचं होतं. "जूनमध्ये चिठ्ठ्यांची पिशवी घेऊन येतो," तो आईकडे न बघता म्हणाला आणि पुढच्या जागेकडे गेला.

आईनं मासा नदीत सोडला. मग सांधे सोडवून पुसले, काठी स्वतःच पिशवीत घातली. सगळं आवरल्यावर तिनं उजवा हात माझ्यापुढे केला. मनगटावरची कातडी सोलवटली होती, बोटं नदीच्या पाण्यानं निळी पडली होती. आजारपणापासून तिनं तो हात कुणाला पुसू दिला नव्हता.

टिलीच्या दुपट्याचा कोरडा कोपरा घेऊन मी तिचं एकेक बोट पुसू लागले. ती नदीकडे बघत बसली होती.