दुसऱ्या कानामागचं पेन

“परत करून दे याले, निशात. आपल्या धंद्यात याचं काम नाई!”

मित्रांनो, खोक्यातून बाहेर येताच माझ्या कानी पडलेला हा पहिला आवाज. तीन वर्षं झाली, अजून आठवतो.

मी एक जुना, वहीसारखा उचलून नेता येणारा टचस्क्रीन मॉनिटर आहे. आरमोरीत बाबूभाईंच्या दुकानात राहतो. बाबूभाई सागवानी दारांवर नक्षी कोरतात. त्यांची पटाशी चालू लागली की फळीतून वेल चढते, वेलीवर मोर येऊन बसतो. त्यांच्या एका कानामागे पेन्सिल असते, दुसऱ्या कानामागे माझ्या काचेवर चित्र काढायचं जाड टोकाचं पेन. ते माझ्यासोबत आलं नव्हतं. निशातने मागून आणलं. का आणलं, तेच सांगतो.

निशात त्यांची लेक. तिने मला आणलं ते सात दिवसांच्या बोलीवर. नाही पटलं तर परत. एका वायरने मला लॅपटॉपला जोडायचं अन् गिऱ्हाइकापुढे ठेवायचं. पहिल्याच दिवशी दार करवून घ्यायला आलेल्या दसरूभाऊंनी बोटाने माझ्यावरचा मोर वर सरकवला, खाली मोहाची फुलं ओढली. “माहं दार मीच काढलं!” म्हणत हसत गेले. पूर्वी कोरून झालेली फळी पाहून गिऱ्हाईक म्हणायचं, “मी असं नाई सांगतलं.” तो तंटाच मिटला.

तरी बाबूभाईंचं एकच, “परत कर.”

पण दुपारी दुकान रिकामं झालं की ते हळूच माझ्यासमोर बसत. बोट टेकवत. मी गप्प. दाबून बघत. मी गप्पच. चाळीस वर्षं पटाशी धरून ते बोट झाडाच्या सालीसारखं झालं होतं. मला त्याचा स्पर्शच कळेना. एवढ्या गुणी हाताला मी ओळखू नये!

सातव्या दिवशी निशात मला खोक्यात भरायला निघाली, तोच सीताबाई आल्या. नव्या घराच्या दारावर त्यांना पिंपळपान हवं होतं. निशातने माझ्यावर काढून दाखवलेलं काही मनास येईना.

“टोक कसं, वाऱ्यानं हाललं पायजे!”

“अस्सं,” म्हणत बाबूभाईंनी हवेत बोट फिरवलं.

“हवेत काऊन, भाऊ? याच्यावर काढा न, मले दिसू द्या.”

बाबूभाई जागचे हलेनात.

मित्रांनो, नवी वस्तू पुसा, जपा. पण तिला नको म्हणणाऱ्याचा हातही एकदा हातात घेऊन बघा. निशातने तो घेतला.

“काय झालं, अब्बा?”

त्यांनी मान खाली घातली.

“मले तर हा पहिल्याच दिवशी आवडला होता, बेटा. पण माहं बोट याले समजतच नाई. सांगाले लाज वाटे.”