बंगळुरी बापाची जास्वंद

वडशाच्या बाजारात मुबीनभाईंचं खिळे-कुलपांचं दुकान होतं, पण जीव सगळा घरामागच्या जास्वंदीत. त्यांची जास्वंद साधी नव्हे, खानदानी. कुंडी दाखवताना ते आधी झाडाच्या आईचं नाव सांगत, मग बापाचं, मग आजीचं, आणि ऐकणारा उठायला लागला की पणजीचं.

नवी जास्वंद तयार करणं तसं सोपं असतं. फुलाच्या मधून एक दांडी बाहेर येते. तिच्या अंगावर पिवळी पूड आणि टोकाला पाच मखमली टिकल्या. एका फुलाची स्वतःची पूड खुडून टाकायची आणि दुसऱ्या झाडाची पूड त्याच्या टिकल्यांना लावायची. ज्याची पूड तो बाप, जिच्यावर बोंड धरेल ती आई. मग खुणेचा दोरा बांधायचा, बी पेरायचं आणि वर्षभर वाट पाहायची. अवघड आहे ते पहाटे उठणं. म्हणून ते काम मुलीकडे, शगुफ्ताकडे होतं. मुबीनभाई नऊला उठून पुढची सोयरीक ठरवत.

शहाण्णवच्या श्रावणात त्यांनी हुकूम सोडला, की नागपूरच्या पिवळीला बंगळूरच्या केशरीची पूड लाव. नेमकी त्याच सकाळी केशरीनं सगळ्या कळ्या गाळल्या. आदल्या दिवशी त्यांनीच कुंडी हलवली होती, पण बोलणी शगुफ्ताला बसली असती. ती सायकल काढून चौकातल्या अकरमच्या पंक्चरच्या दुकानी गेली. तिथं डालड्याच्या डब्यात एक गुलाबी जास्वंद होती. तिचं एक फूल तिनं मागून घेतलं. अकरमला वाटलं, वेणीत माळायला. त्या समजुतीवर तो महिनाभर खूश होता.

पुढच्या वर्षी थंडीत पिवळीच्या बियांतलं एक रोप फुललं. मधासारखं पिवळं, आणि मधोमध गडद लाल डोळा. शेजारचे नानाजी रोज गणपतीला फुलं न्यायला येत. ते कुंडीपुढे थबकले.

"मुबीनभाऊ, माय पिवळी, बाप केशरी. मंग हा लाल डोळा कोणाचा?"

"बंगळूरवाल्याच्या पणजोबाचा असंन. खानदानी खून लपून राह्यते, नानाजी. मंग एकदम चमकते."

"आमच्या इथी असं चमकलं त लोक शेजाऱ्याकडं पाह्यते," नानाजी म्हणाले आणि साधी तांबडी फुलं घेऊन निघून गेले.

त्याच आठवड्यात अकरमची आई रिश्ता घेऊन आली. मुबीनभाईंनी चहा दिला, बिस्किटं दिली.

"पोरगा चांगला आहे, भाभी. पण तुमचे आजे-पणजे कुठचे, हे तुमाले तरी माहीत आहे काय? मी कुंडीतल्या झाडाले विचारतो. पोरीसाठी विचारू नाई?"

भाभींनी कप अर्धाच ठेवला. पडद्यामागे शगुफ्ता ऐकत होती. तिला अकरमशीच लग्न करायचं होतं, आणि अब्बांनी तो विषय दोन बिस्किटांत संपवला होता.

जानेवारीत चंद्रपूरच्या पुष्पप्रदर्शनात त्या पिवळ्या फुलानं पहिलं बक्षीस घेतलं. बागप्रेमी मंडळाचे लोक रविवारी घरी येऊन त्याचे आई-बाप पाहणार होते. फुलाला मुबीनभाईंच्या आजोबांचं नाव मिळणार होतं. शनिवारी ते बक्षिसाचा कप पुसत असताना शगुफ्ता समोर येऊन बसली.

"अब्बा, याचा बाप बंगळूरचा नाई."

"मंग कुठचा?"

"अकरमच्या दुकानापुढचा. डालड्याच्या डब्यातला."

मुबीनभाई हसले. मग चप्पल घालून चौकात जाऊन आले. त्या गुलाबी फुलाच्या घशात तोच गडद लाल डोळा होता. आल्यावर त्यांनी कप पुन्हा पुसायला घेतला.

"कोणाले सांगितलं?"

"अजून कोणालेच नाई. पण उद्या पाहुणे विचारतील. मले खोटं बोलता येत नाई. बापाचं नाव खरं सांगा लागते, हे तुमीच शिकवलं."

"गप राहा ना मंग."

"सासरी असली त गप राहीन. माहेरी बसवलं त कठीण आहे."

मुबीनभाईंनी आयुष्यभर झाडांच्या सोयरिकी जुळवल्या होत्या. आता आपल्याच घरातली कोणीतरी जुळवतंय हे त्यांना कळलं, पण कप हातात होता आणि तो खाली ठेवायची त्यांची इच्छा नव्हती.

रविवारी ते पाहुण्यांना आणि शगुफ्ताला घेऊन थेट चौकात गेले. बंगळूरचं नाव त्यांनी काढलंच नाही.

"हा बाप," डब्याकडं हात करून ते म्हणाले. "हैदराबादच्या एका नवाबाच्या बागेतली जात आहे. या घराण्यानं पिढ्यान्‌पिढ्या जपली. डब्यात काऊन ठेवली? साधेपणा. मोठ्या खानदानाले दिखावा चालत नाई."

"आणि हे कोण?" पाहुण्यांनी विचारलं. अकरम ट्यूब हातात धरून उभा होता.

"त्याच घराण्यातले. आमचे होणारे जावई."

पाहुण्यांनी अकरमचा ग्रीसनं माखलेला हात अदबीनं हातात घेतला. ते डब्याभोवती वाकल्यावर अकरम शगुफ्ताजवळ सरकला.

"झाड त मी स्टँडामागच्या नालीतून उचललं होतं," तो हळूच म्हणाला. "हैदराबादले कोण गेल्तं?"

"तुमचे पणजोबा," शगुफ्ता म्हणाली. "निकाहाच्या आत पाठ करून ठेवा."