मासेवाल्या काकांचं नाक

"काका, टाकीची काच तडकलीय! मासा टबात काढलाय, पण पाणी जेमतेम वीतभर उरलंय. आडवा पडलाय हो तो!" दातांच्या दवाखान्यातली नर्स फोनवर रडायच्या बेतात होती.

दवाखान्यांतल्या, बँकांतल्या शोभेच्या माशांच्या टाक्या सांभाळणाऱ्या मासेवाल्या काकांनी फोन ठेवला आणि रिकाम्या बादल्यांकडे पाहिलं. नळाचं ताजं पाणी टबात ओतलं तर त्यातल्या क्लोरीननं माशाचे कल्ले भाजून निघाले असते. काकांची रीत ठरलेली. बादल्या दिवसभर उघड्या ठेवायच्या, मग नाक लावायचं, वास गेला की पाणी तयार. दुकानातले क्लोरीन मारणारे थेंब टाकून पाणी तयार करणाऱ्यांची ते यथेच्छ टिंगल करत. आज ते थेंबही मिळणार नव्हते, कारण बाजार बंद होता आणि मुरवलेलं सगळं पाणी सकाळीच बँकेतल्या टाकीत गेलं होतं.

आणखी एक गोष्ट होती. तीन महिन्यांपूर्वीच्या तापापासून काकांना वासच येत नव्हता. हे त्यांनी कुणाला कळू दिलं नव्हतं. एकाऐवजी दोन दिवस पाणी ठेवायचे आणि गिऱ्हाइकासमोर गंभीर चेहऱ्यानं हुंगायचे. नाटक होतं खरं, पण माशांच्या जिवाशी खेळ नव्हता.

त्यांनी दोन बादल्या घेतल्या आणि पाणी उंचावरून एकीतून दुसरीत ओतायला सुरुवात केली. असं हवेतून पडलं की क्लोरीन लवकर उडतं. बायकोही मदतीला आली. तासाभरानं काका सवयीनं बादलीवर वाकले. नाकाला गारवा लागला, बाकी काही नाही. ते बायकोकडे वळले.

"मला वास येत नाही गं."

"ठाऊक आहे. दूध करपून घरभर वास सुटला, अन् तुम्ही तिथंच पेपर वाचत बसला होतात."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही सांगाल म्हणून थांबले." तिनं वाकून वास घेतला. "येतोय अजून. ओता."

तीस वर्षांत काकांनी तिला टाकीत बोट घालू दिलं नव्हतं. आता ते तिच्या मानेच्या इशाऱ्यावर ओतत होते. चार वेळा तिनं मान हलवली. पाचव्यांदा म्हणाली, "गेला." काकांनी पुन्हा विचारलं नाही.

दवाखान्यात त्यांनी मग्ग्यानं थोडं थोडं पाणी टबात सोडलं. बराच वेळ काहीच झालं नाही. मग कल्ले जोरात हलू लागले, आणि तो थोराड सोनेरी मासा डुलत डुलत सरळ झाला.

"काका, तुमच्या नाकाला तोड नाही बाई!" नर्स म्हणाली.

बायको दाराशी उभी राहून मुद्दाम भिंतीवरचा दातांचा तक्ता वाचत होती. काकांना तिचा फार अभिमान वाटला, आणि स्वतःची थोडी लाजही.

"माझं नाक तीन महिने बंद आहे," ते म्हणाले. "आजचं पाणी हिनं पारखलंय."

नर्सनं काकांसाठी खुर्ची पुढे केली. त्यांनी ती बायकोकडे सरकवली आणि रिकाम्या बादल्या उचलून धुवायला नेल्या.